घरची विहीर, गावचा नळ आणि संगणकाचा आराखडा

घरची विहीर खणायची तर सारा विचार आधीच करावा लागतो. जागा कोणती, खोली किती, पंप केवढा, हे एकदा ठरले की वर्षानुवर्षे त्यात बदल होत नाही. गावात नळ आला की हे प्रश्न सुटतात, पण नवे प्रश्न उभे राहतात. बिल किती येणार? आणि नळच कोरडा पडला तर? मोठ्या संस्थांच्या संगणकव्यवस्थेत असाच बदल घडून आला आहे.

नळाची ही कल्पना तशी जुनीच. १९६१ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या शताब्दीनिमित्त केलेल्या भाषणात जॉन मॅकार्थी यांनी म्हटले होते, की टेलिफोनप्रमाणे संगणनही एक दिवस सार्वजनिक सेवा होऊ शकेल. त्याच वर्षी तेथेच फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने एक संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत दाखवून दिली. संगणक तेव्हा इतका महाग होता, की तो वाटून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पुढे संगणक स्वस्त झाले आणि संस्थेतील प्रत्येक विभागाने जणू आपापली विहीर खणली. एकाच ग्राहकाची नोंद तीन विभागांत तीन तऱ्हांनी होऊ लागली. या गोंधळावर उपाय म्हणून १९८७ साली आयबीएममधील जॉन झॅकमन यांनी एक चौकट मांडली. इमारतीचा नकाशा मालकासाठी वेगळा, वास्तुरचनाकारासाठी वेगळा आणि बांधणाऱ्यासाठी वेगळा असतो. तसेच संस्थेच्या माहितीव्यवस्थेचेही नकाशे हवेत, असे त्यांचे म्हणणे. यातूनच ‘एंटरप्राइज आर्किटेक्चर’ ही विद्याशाखा वाढली. तिचा भर आधी आराखडा, मग खरेदी यावर होता. यंत्र एकदा विकत घेतले की चूक सुधारणे महाग पडे, म्हणून ते योग्यही होते.

२००६ साली अ‍ॅमेझॉनने आपले संगणक भाड्याने देण्यास आरंभ केला. सुरुवातीचा दर होता एका तासाला १० सेंट. यंत्र कोठे आहे हे ग्राहकाने पाहायचे नाही. हवे तेवढे घ्यायचे, काम झाले की सोडून द्यायचे. यालाच ‘क्लाऊड कॉम्प्युटिंग’ म्हणतात.

मग आराखड्याची गरज संपली काय? नेटफ्लिक्स या कंपनीचे उदाहरण पाहू. ऑगस्ट २००८ मध्ये तिचा मुख्य माहितीसाठा बिघडला आणि तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. एक मोठी विहीर आटली आणि सारे घर तहानेले राहिले! कंपनीने भाड्याच्या संगणकांकडे वळायचे ठरवले. मात्र जुनी व्यवस्था उचलून जशीच्या तशी तिकडे नेली असती, तर तिचे दोषही सोबत गेले असते. म्हणून एकसंध व्यवस्थेचे शेकडो लहान, स्वतंत्र भाग केले गेले. हे काम जानेवारी २०१६ मध्ये पुरे झाले. मधल्या काळात कंपनीने आपलेच चालू संगणक मुद्दाम बंद पाडणारी एक आज्ञावली तयार केली. एक भाग बंद पडला तरी बाकीचे चालतात की नाही, याची ती रोजची परीक्षा होती.

आराखडाकाराचे काम येथे बदलले. पूर्वी तो एकदाच नकाशा काढून परवानगी देई. आता कोणताही विभाग काही मिनिटांत यंत्र भाड्याने घेऊ शकतो. त्यामुळे माहिती कोठे ठेवायची, खर्चाची मर्यादा किती, बिघाड झाल्यास काय करायचे, याचे नियम आखून त्यांवर सतत लक्ष ठेवावे लागते.

नळही कोरडा पडतो. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनच्या व्हर्जिनियातील केंद्रात एका कर्मचाऱ्याने आज्ञा चुकीची टंकली. हवे होते त्याहून अधिक संगणक बंद झाले आणि सुमारे चार तास असंख्य संकेतस्थळे अडली. ज्यांनी दुसऱ्या केंद्राची सोय आधीच केली होती, त्यांचे काम चालू राहू शकत होते. यंत्र भाड्याने मिळते. जबाबदारी मात्र भाड्याने देता येत नाही.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. आपल्या शाळेत विद्यार्थ्याचे नाव कोणकोणत्या नोंदवह्यांत लिहिले जाते, याचा नकाशा मुलांकडून काढून घ्यावा. मग विचारावे: यातली एक वही हरवली, तर काय काय अडेल?