लिंकनच्या भाषणाला वाद्यवृंदाची साथ : ‘लिंकन पोर्ट्रेट’ची कहाणी

अब्राहम लिंकन म्हटलं की मराठी वाचकाला आधी आठवतं ते हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र. अनेक शाळांच्या भिंतींवर ते लावलेलं असतं. गंमत म्हणजे लिंकन यांच्या अस्सल लेखनात असं पत्र सापडत नाही. त्यांचे खरे शब्द मात्र ८० वर्षांहून अधिक काळ वाद्यवृंदाच्या साथीने ऐकवले जात आहेत. एरन कोपलंड यांच्या या रचनेचं नाव ‘लिंकन पोर्ट्रेट’. तिचं पहिलं सादरीकरण १४ मे १९४२ रोजी अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात झालं.

युद्धकाळातली मागणी

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. लोकांना धीर द्यावा म्हणून वाद्यवृंद संचालक आंद्रे कोस्टेलानेट्झ यांनी तीन संगीतकारांकडे थोर अमेरिकनांची संगीतचित्रं मागितली. कोपलंड यांनी आधी कवी वॉल्ट व्हिटमन यांना निवडलं होतं. पण जेरोम कर्न यांनी लेखक मार्क ट्वेन यांना घेतल्यामुळे कोपलंड यांनी एखादा राजकीय नेता घ्यावा, असं ठरलं. मग नाव आलं लिंकन यांचं.

एवढ्या मोठ्या माणसाला संगीतात कसं बसवायचं, ही अडचण होतीच. कोपलंड यांनी वाट काढली. लिंकन यांचे शब्दच घ्यायचे, पण ते गायचे नाहीत, निवेदकाने बोलायचे.

रचना कशी आहे?

इथे ऑर्केस्ट्रा म्हणजे गणेशोत्सवातला गाण्यांचा ऑर्केस्ट्रा नव्हे, तर व्हायोलिनपासून ट्रम्पेटपर्यंतचा मोठा सिंफनी वाद्यवृंद. रचना साधारण १५ मिनिटांची, तीन भागांची. पहिला भाग संथ आणि गंभीर. दुसऱ्यात लिंकन यांच्या काळातली धामधूम येते. त्यात जुन्या अमेरिकन लोकप्रिय गाण्यांच्या चालींचा वापर आहे. निवेदक तोवर गप्प बसतो, तो बोलतो थेट तिसऱ्या भागात.

त्याच्या तोंडी १८५८ च्या जाहीर वादसभेतले आणि १८६२ च्या संसदेला दिलेल्या संदेशातले उतारे आहेत. गुलाम आणि मालक यांच्याबद्दलचं एक छोटं टिपणही आहे. शेवट होतो गेटिसबर्ग इथल्या १९ नोव्हेंबर १८६३ च्या भाषणाने. यादवी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीवर लिंकन जेमतेम दोन-तीन मिनिटं बोलले होते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातली लोकशाहीची प्रसिद्ध व्याख्या याच भाषणातली.

निवेदकाने नाटकी व्हायचं नाही, शब्द साधे-सरळ वाचायचे, अशी सूचना कोपलंड यांनी छापील प्रतीतच करून ठेवली आहे.

त्याच शब्दांची अडचण

जानेवारी १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या शपथविधीनिमित्तच्या संगीत कार्यक्रमात ही रचना होणार होती. तेव्हा अमेरिकेत कम्युनिस्ट शोधण्याची मोहीम जोरात होती. कोपलंड यांचे डाव्यांशी संबंध असल्याचा आक्षेप फ्रेड बस्बी या खासदाराने घेतला आणि रचना ऐनवेळी कार्यक्रमातून काढली गेली. हे बस्बी लिंकन यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे आणि त्यांच्याच इलिनॉय राज्यातले! पुढे मे महिन्यात कोपलंड यांना सिनेटर मॅकार्थी यांच्या समितीपुढे चौकशीला जावं लागलं. मात्र १९६४ मध्ये त्याच देशाने त्यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा मोठा नागरी सन्मान दिला.

काराकासमधला प्रसंग

१९५७ मध्ये व्हेनेझुएलाच्या राजधानीत, काराकासमध्ये, कोपलंड यांनी स्वतः या रचनेचं संचालन केलं. निवेदन स्पॅनिशमध्ये, अभिनेत्री हुआना सुहो यांचं. हुकूमशहा पेरेस हिमेनेस श्रोत्यांत हजर होते. लोकशाहीबद्दलचे शेवटचे शब्द येताच लोकांनी असा जल्लोष केला की पुढचं संगीत आपल्यालाच ऐकू येईना, अशी आठवण कोपलंड यांनी सांगितली आहे. जानेवारी १९५८ मध्ये ही राजवट कोसळली. ती एका संगीत कार्यक्रमामुळे पडली असं म्हणता येणार नाही. पण उघडपणे जे बोलायची सोय नव्हती, त्याला त्या रात्री टाळ्यांतून वाट मिळाली.

निवेदक कोण कोण?

पहिल्या सादरीकरणात विल्यम अॅडम्स या अभिनेत्याचा आवाज होता. पुढे कवी आणि लिंकन-चरित्रकार कार्ल सँडबर्ग, एलिनॉर रुझवेल्ट, गायिका मेरियन अँडरसन, कोरेटा स्कॉट किंग आणि सिनेटर असताना बराक ओबामा यांनीही हे शब्द वाचले. निवेदकाला गाता यावं लागत नाही, त्यामुळे गायक नसलेल्यांनाही ही जागा मिळत आली आहे.