ठावठिकाणा नसलेले गायक

इतिहास म्हटला की तह, लढाया आणि सनावळ्या आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु एखादा समाज आपला इतिहास गाडीत वाद्ये भरून गावोगाव नेतो, असेही घडते. ऑस्ट्रेलियातील आदिवासी तरुणांनी तो तसा नेला. १९८१ सालच्या ‘राँग साइड ऑफ द रोड’ या चित्रपटात त्याची नोंद झाली आहे.

दिग्दर्शक नेड लँडर यांच्या या चित्रपटाची कथा मोठी नाही. ॲडलेड शहरातील ‘नो फिक्स्ड ॲड्रेस’ आणि ‘अस मॉब’ या दोन रॉक संगीतपथकांचा दोन दिवसांचा दौरा, एवढीच. भूमिका स्वतः वादकांनी केल्या आणि प्रसंगही बहुतेक त्यांच्याच अनुभवातून घेतले. पहिल्या पथकाचे नाव म्हणजे ‘ठावठिकाणा नाही’ हा पोलिसी दप्तरातला शेरा. दुसऱ्याचे नाव म्हणजे सरळ ‘आपली मंडळी’. ज्यांच्या पूर्वजांची त्या भूमीवर पन्नास हजारांहून अधिक वर्षांची वस्ती, त्यांनी पहिले नाव घ्यावे यातच सारा इतिहास आला.

दौऱ्यात कार्यक्रम चालू असता पोलीस येतात. ठरलेल्या ठिकाणी पोचावे, तो मालक वर्ण पाहून कार्यक्रम रद्द करतो. कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या आम्हांस येथे कलेआधी रोजी दिसते. बोली झालेली आहे, माणूस कामावर हजर आहे, आणि मजुरी बुडते ती कातडीपायी!

हे अकस्मात घडलेले नव्हे. १९६६ साली वेव्ह हिल येथील गुरिंजी गुराख्यांनी व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली काम सोडले. मागणी मजुरीपासून सुरू झाली आणि जमिनीपर्यंत गेली. त्यांच्या पाठीशी काही कामगार संघटनाही उभ्या राहिल्या. १९६७ च्या सार्वमतात ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी, देशाच्या लोकसंख्येत आदिवासींना न मोजण्याचे कलम रद्द केले. त्यानंतर १४ वर्षांनी निघालेला हा चित्रपट सांगतो की, मोजणीत आलेला माणूस अजून दारातूनच परत पाठविला जात होता.

याहून खोल जखम लेस ग्रॅहम या वादकाच्या कथेत आहे. दौऱ्याच्या धांदलीत तो आपल्या आईचा शोध घेतो आहे. आदिवासी मुले आईबापांपासून तोडून गोऱ्या घरांत व संस्थांत वाढविणे, हे तेथील सरकारांचे धोरणच होते. १९१० ते १९७० या काळात किमान दहांतील एक, आणि कदाचित तिनांतील एक मूल असे नेले गेले, असा निष्कर्ष १९९७ च्या चौकशी अहवालाने काढला. पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत क्षमा मागितली ती २००८ साली. म्हणजे चित्रपटानंतर २७ वर्षांनी!

या तरुणांनी आपले म्हणणे मांडण्यास जमैकातील रेगे संगीताचा ठेका घेतला, म्हणून काहींना ते उसने वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. गुलामांच्या वंशजांनी घडविलेला ठेका दुसऱ्या नाडलेल्यांनी उचलला, तर ती उसनवारी नव्हे, भाईचारा होय. बार्ट विलोबी यांनी त्या ठेक्यावर ‘आम्ही टिकलो आहोत’ अशा अर्थाचे गीत रचले. ते पुढे आदिवासी चळवळीचे गीतच झाले.

संघटनेच्या दप्तरात ठराव राहतात. ठराव करण्याची पाळी ज्या अपमानांनी आणली, ते मात्र अशा दौऱ्यांच्या गाण्यांत शोधावे लागतात. इतिहासकारांनी तेथेही जावे, इतकेच आमचे मागणे आहे.