बिसेत्रच्या बेड्या कोणीं काढल्या?

पारिसनजीकच्या बिसेत्र येथील वेड्यांच्या बेड्या डॉक्टर फिलिप पिनेल यानें राज्यक्रांतीच्या धामधुमींत स्वहस्तें काढल्या, ही कथा सर्वतोमुखीं झालेली आहे. पिनेलचा पुत्र सिपियों यानें ती पसरविली. १८४९ सालीं म्यूलर या चित्रकारानें ती रंगविली. १८७६ सालीं रोबेर-फ्लरीनें तोच प्रसंग साल्पेत्रियेर येथील स्त्रियांच्या आश्रयगृहांत नेऊन बसविला. थोडक्यांत, ही एक बखर होय. आणि बखरीस अस्सल कागदावर घांसून पाहावें हा कै. राजवाड्यांचा धडा परदेशच्या इतिहासासहि लागू आहे.

तसा कागद उपलब्ध आहे. जां-बातिस्त प्यूसें याचें १७९७ सालचें टिपण डोरा वायनर या विदुषीनें १९७९ सालीं प्रसिद्ध केलें. प्यूसें हा मूळचा चामडें कमावणारा. गंडमाळेच्या विकारानें तो बिसेत्र येथें रोगी म्हणून आला, तेथेंच राहिला, आणि १७८५ च्या सुमारास वेड्यांच्या विभागाचा मुख्य झाला. पिनेल १७९३ सालीं आला व १७९५ सालीं साल्पेत्रियेरास गेला. बेड्या सुटल्या त्या १७९७ सालीं, म्हणजे पिनेलच्या मागें, प्यूसेंच्या हातून. बंधन मात्र सर्वस्वीं सुटलें नाहीं. सांखळीच्या जागीं जाड कापडाचा बंदिस्त अंगरखा आला, एवढें ध्यानांत ठेवावें.

परंतु आमच्या मतें या टिपणाचें खरें मोल बेड्यांच्या तारखेंत नाहीं. प्यूसें आपले सेवक शक्यतों बऱ्या होत आलेल्या रोग्यांतून निवडी. रोग्यानें हात उगारला तरी सेवकानें उलट मारूं नये, असा त्याचा सक्त नियम होता. ज्यानें तीच कोठडी भोगली आहे, त्याच्याकडून हा नियम अधिक पाळला जाईल हें उघड आहे. पिनेलनेंहि आपल्या १८०१ सालच्या ग्रंथांत या प्रघाताची व प्यूसेंच्या अनुभवाची थोरवी मोकळेपणानें मान्य केली आहे. खुद्द गुरूनें जें झांकलें नाहीं तें पुढील भक्तांनीं झांकलें, हा प्रकार आमच्या वाचकांस अपरिचित नसावा!

अलीकडे "एका वेड्यानें दुसऱ्या वेड्यांस सोडविलें" असेंहि कोणी सुचवितात. तें आम्हांस मान्य नाहीं. प्यूसें त्याच घरचा रोगी खरा, परंतु त्याचा रोग वेगळा. शिवाय टिपण हें अधिकाऱ्याचें आहे, त्या सेवकांचें नव्हे. बरा झालेला माणूस अल्प वेतनावर राही, हेंहि कारण निवडीच्या मुळाशीं असूं शकेल असा आमचा तर्क आहे. एका बखरीच्या जागीं दुसरी बखर रचण्यांत अर्थ नाहीं.

पुढें १८०२ सालीं पिनेलनें प्यूसें व त्याची सहकारी पत्नी मार्गरीत यांस साल्पेत्रियेर येथें बोलावून घेतलें. प्यूसें १८११ सालीं वारला. साल्पेत्रियेरसमोर १८८५ सालीं पुतळा उभारला गेला, तो पिनेलचा.