मनिऑर्डर थांबली तेव्हा

तळगडाच्या पायथ्याशी वसलेल्या तळ्याच्या परिसरात डोंगरउतारावरचे भात वर्षभर पुरणे कठीणच. कोकणातील अशा अनेक घरांची भिस्त मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनिऑर्डरीवर असे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि हा ओघ आटला.

संपाचा इतिहास दत्ता सामंतांच्या सभांनी भरलेला आहे. चुलीची नोंद त्यात फारशी नाही. मिळकत आटली की आधी दूध, डाळ, मासळी कमी होते; भात सर्वांत शेवटी. त्यामुळे पोट भरलेले दिसते, पण मूल वाढत नाही आणि साधा जुलाबही त्याला जड जातो. १९८४ साली युनिसेफने जागतिक मंदीचा अभ्यास केला, तेव्हाही सर्वाधिक भार गरिबांच्या लेकरांवर पडल्याचे आढळले. पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली वाढ पुढे क्वचितच भरून निघते.

संप मात्र औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही.