देहबोलीचे वाचन : अहमदनगरहून गेलेले एक उत्तर

सन १८६७ मध्ये चार्ल्स डार्विन यांनी सोळा प्रश्नांची एक प्रश्नावली जगाच्या निरनिराळ्या भागांतील मिशनरी, अंमलदार इत्यादिकांकडे धाडली. आश्चर्याने डोळे विस्फारतात काय, लाजेने चेहरा आरक्त होतो काय, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते. मनोविकारांची बाह्य चिन्हे सर्व मानवजातीत सारखीच आहेत की काय, हे त्यांना ठरवावयाचे होते. मुंबई इलाख्यातील अहमदनगर जिल्ह्यात एच. अर्स्किन यांनी त्यांच्यासाठी निरीक्षण केले. परंतु निश्चित निष्कर्ष काढणे त्यांना फार कठीण गेले. कारण, युरोपीयांसमोर आपल्या भावना प्रकट होऊ न देण्याची तेथील लोकांना सवय होती. १८७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात डार्विन यांनी ही अडचण नमूद केली आहे.

डार्विन यांच्या दृष्टीने हा पुराव्यातील अडथळा होता. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने मात्र तोच पुरावा होय. गोऱ्या साहेबापुढे निर्विकार राहणारा चेहरा अर्थशून्य नव्हता. कोण कोणासमोर उभा आहे व त्या दोघांत सत्तेचे नाते कोणते आहे, यांवर त्याचा अर्थ अवलंबून होता.

पुढे या अभ्यासाचे दोन प्रवाह झाले. फ्रान्झ बोआस यांचे शिष्य डेव्हिड एफ्रॉन यांनी न्यूयॉर्कमधील पूर्व युरोपीय ज्यू व दक्षिण इटलीतील स्थलांतरितांच्या हातवाऱ्यांचे निरीक्षण करून १९४१ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. परंपरानिष्ठ गटांच्या हातवाऱ्यांत स्पष्ट भेद होता. अमेरिकन समाजात मिसळलेल्यांत तो लोपत चालला होता. हातवारे वंशाने येतात, या तत्कालीन नाझी मताचे त्यायोगे खंडन झाले. १९५२ मध्ये रे बर्डव्हिसल यांनी भाषाशास्त्राच्या धर्तीवर देहचलनांचे शास्त्र मांडले. देहचलनांना संदर्भनिरपेक्ष असा अर्थ नसतो, ही त्यांची भूमिका होती.

दुसरा प्रवाह डार्विन यांच्या मताकडे झुकणारा होता. पॉल एकमन व वॉलेस फ्रीसन यांनी न्यू गिनीतील फोरे लोकांना लहान कथा सांगून तिला अनुरूप असे छायाचित्र निवडावयास लावले. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातून मूलभूत भावनांच्या मुद्रा सार्वत्रिक आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. भय व आश्चर्य यांत मात्र फोरे लोकांची गल्लत होत असे. १९७८ मध्ये याच दोघांनी चेहऱ्याच्या स्नायुक्रियांची सांकेतिक नोंदपद्धती सिद्ध केली.

कृत्रिम बुद्धिमत्तेने मुख्यतः हा दुसरा प्रवाह उचलला, कारण तो मोजता येण्याजोगा होता. माणसांनी 'राग', 'आनंद' अशी नावे दिलेली असंख्य छायाचित्रे यंत्रास पुरविली जातात. त्यांपैकी कित्येक मुद्रा तर मुद्दाम करवून घेतलेल्या असतात. नव्या चेहऱ्यास ठरलेल्या नावांपैकी कोणते अधिक जुळते, याचे गणित यंत्र करते. ते जे शिकते ती भावना नव्हे, तर भावनेला माणसाने दिलेले नाव होय, हा भेद सहज विसरला जातो.

२०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट व त्यांच्या चार सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला. रागावलेला मनुष्य कपाळाला आठ्या घालतोच असे नाही, आणि आठ्या घालणारा रागावलेलाच असतो असेही नाही, असे त्यातून दिसून आले. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने कामाच्या ठिकाणी व शिक्षणसंस्थांत यंत्राकरवी भावना ओळखण्यास, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, मनाई केली; ती फेब्रुवारी २०२५ पासून अंमलात आली.

या दोन्ही जागी वरिष्ठासमोर चेहरा सांभाळून वागावे लागते, ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. मुलाखतीस बसलेला उमेदवार किंवा परीक्षार्थी विद्यार्थी यांची अवस्था नगर जिल्ह्यातील त्या रयतेहून फारशी निराळी नाही. माणूसही देहबोली वाचताना चुकतो, हे खरेच. तथापि आपणासमोर चेहरे बदलतात, एवढे अर्स्किन यांना कळले, आणि त्यांनी निष्कर्ष आवरता घेतला. यंत्राच्या निर्णयावर कोणाची नोकरी वा गुण ठरविण्यापूर्वी असा संयम बाळगणे अगत्याचे आहे.