सनई मागितली, घंटी आली

कीबोर्ड वाजवणाऱ्या कुणालाही विचारा, कार्यक्रमात सगळ्यात जास्त धास्ती कशाची? बेसूर होण्याची नव्हे, तर बटण दाबल्यावर भलताच आवाज येण्याची. इकडे अमेरिकेत मंडळाच्या गणेशोत्सवात एखाद्या वर्षी तरी हे होतंच. सनईच्या जागी टिणटिण घंटी वाजते, वादक कसनुसा हसतो आणि प्रेक्षक उदार मनाने टाळ्या वाजवतात. दोष वादकाचा असेलही, पण त्याची मुळं १९८३ सालात आहेत.

त्याआधी प्रत्येक कंपनीची तार वेगळी आणि भाषाही वेगळी. रोलॅंडचे इकुतारो काकेहाशी आणि सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी पुढाकार घेऊन जपानी आणि अमेरिकन कंपन्यांना एका सामाईक भाषेवर आणलं. तीच मिडी. जानेवारी १९८३ मध्ये नॅम ह्या व्यापारी प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ हे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर केबलने जोडले गेले. एकावर सूर दाबला की दुसराही बोलायचा. (२०१३ साली ह्या दोघांना टेक्निकल ग्रॅमी मिळालं. तीस वर्षांनी का होईना!)

मिडी स्वस्तात बसवता यायला हवी होती. म्हणून वेग सेकंदाला ३१,२५० बिट, आणि बाइट आठ बिटांचा. त्यातला पहिला बिट खुणेसाठी राखून ठेवला : १ असेल तर हा हुकूम, ० असेल तर हुकुमासोबतची माहिती. युक्ती झकास आहे. केबल मध्येच सुटून परत लागली तरी ऐकणारं यंत्र पुढच्या हुकुमापासून बिनचूक सुरुवात करतं. पण ह्या सोयीची किंमत म्हणजे माहितीसाठी उरतात सातच बिट. सात बिटांत मावतात १२८ आकडे. मिडीत जिथे तिथे १२८ दिसतात ते ह्यामुळे.

आवाज बदलण्याच्या हुकुमाचं नाव प्रोग्राम चेंज. दोन बाइटांचा मामला. पहिल्यात 'आवाज बदल' आणि १६ पैकी कुठल्या चॅनेलवर ते, दुसऱ्यात आवाजाचा क्रमांक. १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ मध्ये आतले आवाज होते ३२, प्रॉफेट-६०० मध्ये १००. तेव्हा १२८ म्हणजे चंगळच वाटली असणार. आज त्यांना नावं ठेवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

खरी गंमत मोजणीची. तारेतून जातात ० ते १२७. काही कंपन्या पॅनेलवर १ ते १२८ लिहितात, तर रोलॅंडच्या काही यंत्रांवर आठ गटांत आठ-आठ म्हणजे ११ ते ८८ अशी मोजणी. बरं, क्रमांक जुळले तरी त्या क्रमांकावर कुठला आवाज ठेवायचा हे ज्याने त्याने ठरवलेलं. १९९१ मध्ये जनरल मिडी आलं आणि १२८ नावांची यादी पक्की झाली. १ वर पियानो, १०५ वर सतार, ११२ वर सनई (यादीत स्पेलिंग 'शनाय'!) आणि ११३ वर टिंकल बेल. एका सॉफ्टवेअरने शून्यापासून मोजलं आणि माणसाने एकपासून, की ११२ ची झाली ११३. सनई मागितली, घंटी आली. आणखी एक बोच : यादीत बंदुकीच्या गोळीचा आवाज आहे, हार्मोनियम आणि तबला मात्र नाहीत. पेटीची तहान २१ क्रमांकाच्या रीड ऑर्गनवर भागवायची.

तोवर मेमरी स्वस्त झाली होती आणि आवाज १२८ च्या बाहेर सांडू लागले होते. हुकूम मोडून नवा करावा तर जुनी यंत्रं निकामी. म्हणून ठिगळ लावलं : बँक सिलेक्ट. कंट्रोलर ० आणि ३२ हे दोन संदेश मिळून बँकेचा क्रमांक सांगतात. १२८ गुणिले १२८ म्हणजे १६,३८४ बँका, प्रत्येकीत १२८ आवाज. वीस लाखांच्या वर! पण नुसती बँक पाठवून काहीच बदलत नाही. मागून प्रोग्राम चेंज आला की मगच आवाज बदलतो. म्हणजे एका आवाजासाठी तीन संदेश, आठ बाइट, साधारण अडीच मिलिसेकंद आणि क्रम बरोबरच हवा.

एवढं करून भाषा एक राहिली का? नाही. रोलॅंडच्या जीएस पद्धतीत आवाजाचा उपप्रकार कंट्रोलर ० ठरवतो, तर यामाहाच्या एक्सजी पद्धतीत (१९९४) तेच काम कंट्रोलर ३२ करतो. काही यंत्रं दोहोंपैकी एकाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. १९९९ च्या जनरल मिडी २ ने सुरांसाठी १२१ आणि तालवाद्यांसाठी १२० असा पहिला आकडा ठरवून दिला, पण तोवर बाजारात तीन बोली झाल्या होत्या. म्हणून आजही मॅन्युअलच्या शेवटचा तो बारीक अक्षरांतला तक्ता आधी वाचावा लागतो.

२०२० मध्ये मिडी २.० आलं. त्यात बँक आणि प्रोग्राम एकाच संदेशात जातात, आणि 'बँक ग्राह्य धरावी की नाही' ह्यासाठी वेगळा बिटही आहे. तीस वर्षांचं ठिगळ अखेर शिवणीत बसलं. प्रोग्राम क्रमांकाला मात्र तिथेही सातच बिट दिले आहेत, जुन्या कीबोर्डांशी बोलता यावं म्हणून.