भोकरदन : केळना नदीकाठचं दोन हजार वर्षांचं गाव, इतिहास दडलाय पांढरीच्या मातीत

जालना जिल्ह्याच्या वायव्येला अजिंठ्याच्या डोंगररांगेलगत भोकरदन तालुका आहे. आज ओळख कापूस, मका, सोयाबीन अन् पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजाराची. राजूरच्या गणपतीला तर जिल्हाभरातून लोक येतात. पण खुद्द भोकरदन गाव सातवाहनांच्या काळात मोठं नगर होतं, हे तालुक्यातल्या अनेकांना ठाऊक नाही.

जुनं नाव भोगवर्धन

गावाचं जुनं नाव भोगवर्धन. मध्य प्रदेशातल्या सांची अन् भरहुत इथल्या स्तूपांना ज्यांनी दान दिलं, त्यांची नावं तिथं दगडात कोरलेली आहेत. त्यात भोगवर्धनच्या माणसांचीही आहेत. पैठणहून उज्जैनकडे जाणारी व्यापारी वाट इथूनच जायची, असं मानलं जातं.

1973 साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथं उत्खनन केलं. त्यात सातवाहनांची नाणी, मणी, शंखाच्या बांगड्या अशा वस्तू निघाल्या. हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीमूर्तीही सापडली, पण ती तुटलेली आहे. अशाच घडणीची मूर्ती 1938 साली इटलीतल्या पॉम्पेई शहरात मिळाली होती. ते शहर इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं. ती मूर्ती भोकरदन परिसरातच घडवली असावी, असं काही अभ्यासक म्हणतात.

गावाजवळ केळनाकाठी हिंदू लेणी आहेत. तालुक्यातल्या आन्वा इथं कोरीव कामाचं जुनं शिवमंदिर उभं आहे.

दोन नद्यांमधली लढाई

केळना अन् जुई या नद्या असईजवळ एकत्र येतात. पुढं हे पाणी पूर्णेला आणि पूर्णेतून गोदावरीला मिळतं. या दोन नद्यांच्या बेचक्यात 23 सप्टेंबर 1803 रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांची इंग्रजांशी लढाई झाली. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने केळनेला उतार शोधून बाजूने हल्ला केला. मराठ्यांच्या तोफांनी इंग्रजांची दाणादाण उडवली. त्यांची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. तरी शेवटी मैदान इंग्रजांनी मारलं. याच वेलस्लीने पुढं 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं.

निजामाकडून जालन्याकडे

हा भाग निजामाच्या राज्यात होता. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला, 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य आलं. तेव्हा तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा झाला, तेव्हा भोकरदन त्यात आलं.

पांढरी जपायला हवी

गावची काळी म्हणजे शेती, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्या घरं पडत गेली, त्यावर नवी उठली, म्हणून पांढरी उंच होते. तिच्या प्रत्येक थरात त्या-त्या काळच्या वस्तू असतात. भरावासाठी माती उकरून नेली की थर मोडतात. मग सापडलेलं खापर नेमकं कोणत्या काळातलं, हे सांगणं अवघड होतं.

खोदकामात जुनी नाणी, दागिने किंवा मूर्ती निघाल्या तर त्या विकू नयेत, घासूनपुसूनही ठेवू नयेत. जागेचा फोटो काढून तलाठी किंवा तहसील कार्यालयाला कळवावं. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं 1878 च्या कायद्याने बंधनकारक आहे.